ताप, नाडी आणि मृत्यूचा रकाना

रुग्णालयात मृत्यू झाला की त्याच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र ‘नमुना ४’ या कागदावर भरले जाते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालचा हा कागद. तात्कालिक कारणाच्या ओळीशेजारी डॉक्टरांसाठी त्यात एक सूचना छापलेली असते. मृत्यू ज्या आजाराने, इजेने किंवा गुंतागुंतीने झाला ते लिहावे; मरण कोणत्या रीतीने आले ते, म्हणजे ‘हृदयक्रिया बंद पडली’ यासारखे काही, लिहू नये, अशा आशयाची ती सूचना आहे. सेवेत असताना पूर्व उत्तर प्रदेशातील निरनिराळ्या जिल्ह्यांत हे नमुने मी गठ्ठ्यांनी पाहिले. सूचनेच्या अगदी शेजारी, बहुधा घाईच्या अक्षरात, ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ असे लिहिलेले हटकून आढळे. हृदय थांबले आणि श्वास थांबला, एवढाच त्याचा अर्थ. जगात आजवर जो जो मेला त्याच्याबाबत हे विधान खरे आहे.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला या सवयीची वंशावळ ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तत्कालीन वायव्य प्रांतात मृत्यूची बातमी ठाण्यावर पोचवण्याचे काम गावच्या चौकीदाराकडे होते. सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालांत पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा आणि ‘इतर’ असे मोजके रकाने असत. चौकीदाराला पटकी ओळखू येई, देवीचे फोड दिसत. बाकी सगळे जग ‘ताप’ या रकान्यात लोटले जाई. हिवताप, विषमज्वर, फुप्फुसदाह, बाळंतज्वर, सगळ्यांची राख एकाच मडक्यात. परिणामी दरवर्षी सर्वांत मोठा आकडा तापाचा येई आणि त्यावरून धोरण काय ठरवावे हे कोणालाही उमगत नसे.

आज तो रकाना पालटला आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र मिळालेल्या मृत्यूंच्या २०२० च्या राष्ट्रीय अहवालात रक्ताभिसरण संस्थेच्या आजारांचा वाटा ३२.१ टक्के, श्वसनसंस्थेच्या आजारांचा १० टक्के आणि कोविडचा ८.९ टक्के आहे. मुळात त्या वर्षी नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंना वैद्यकीय कारण लाभले होते. गोव्यात जवळजवळ प्रत्येक मृत्यूला ते मिळते, गंगेच्या खोऱ्यातील राज्यांत क्वचित. हृदयविकार आपल्या देशात झपाट्याने वाढले आहेत, हे निर्विवाद. परंतु त्या ३२ टक्क्यांत किती जणांचे हृदय स्वतःच्या दोषाने थांबले आणि किती जणांचे रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने थांबवले, हे या आकड्यातून कळत नाही. चौकीदाराने सगळे तापात टाकले. आपण बरेच काही हृदयात टाकतो.

या दोन रकान्यांच्या मधोमध एक रुग्ण असतो. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, आतडे फुटून पोटात पसरलेला पू, किंवा एखादी चिघळलेली जखम, यांपैकी कशाने तरी तो अतिदक्षता विभागात येतो. दोन-तीन दिवसांनी त्याच्या हृदयाचा ताल बिघडतो. वैद्यकशास्त्राला ही गोष्ट चांगली परिचित आहे. आरोग्य-प्रशासनाच्या कागदांत मात्र तिला जवळपास जागा नाही. तिचा विचार मी वाराणसीच्या संदर्भात करणार आहे. हे शहर मला परिचित आहे, हे एक कारण. अतिदक्षतेविषयीचे देशाचे अलीकडचे दोन मोठे निर्णय याच शहराशी जोडलेले आहेत, हे दुसरे.

२०२१ च्या एप्रिलचे दिवस आठवावेत. बनारस घराण्याचे थोर ख्यालगायक पंडित राजन मिश्र यांचे २५ एप्रिल रोजी दिल्लीत निधन झाले. कोविडवरील उपचार चालू असतानाच हृदयविकाराचा झटका आला, असे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी छापले. व्हेंटिलेटरसाठी झालेल्या धावपळीच्याही बातम्या आल्या. त्यांच्या जन्मगावी पंधरवड्याच्या आत, १० मेच्या सुमारास, काशी हिंदू विद्यापीठाच्या मैदानावर संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने (डीआरडीओ) ७५० खाटांचे तात्पुरते कोविड रुग्णालय उभे केले आणि त्याला पंडित राजन मिश्र यांचे नाव दिले. त्यांतील २५० खाटा अतिदक्षतेच्या होत्या. इतक्या थोड्या दिवसांत ओसाड मैदानावर प्राणवायूच्या नळ्या, पडदे आणि मॉनिटर बसवणे, हे प्रशासकीय कर्तृत्व म्हणून लहान नव्हे. अशा कामांच्या निविदा मी काढल्या आहेत, त्यामुळे त्यातील घाम मला कळतो.

त्या काळात ‘कोविड झाला आणि हृदयविकाराने गेले’ हे वाक्य घराघरांत ऐकू आले. लोकांना त्यात दोन वेगळे आजार दिसत, जणू एकाने पाठ धरली आणि दुसऱ्याने गाठले. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत ती एकच घटना होती. कोणत्याही एका रुग्णाविषयी बाहेरून निष्कर्ष काढणे गैर. पण सर्वसाधारण यंत्रणा समजून घेण्यास काही हरकत नाही.

जंतुसंसर्गाला शरीर देत असलेला प्रतिसाद जेव्हा बेलगाम होऊन आपल्याच अवयवांना निकामी करू लागतो, तेव्हा त्या स्थितीला सेप्सिस म्हणतात. २०१६ साली स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येचा गाभा हाच आहे. जंतूंपेक्षा प्रतिसाद घातक ठरतो. जागतिक अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते. जगातील दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक. त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसवर ठराव करून सदस्य देशांना राष्ट्रीय धोरणांत त्याला स्थान देण्यास सांगितले होते.

आता हृदय. निरोगी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत, अलिंदांत, एका ठिकाणाहून विजेचा ठोका निघतो, ते आकुंचन पावतात, मग खालची निलये आकुंचन पावतात. सेप्सिसमध्ये या व्यवस्थेवर चहूबाजूंनी मारा होतो. दाह निर्माण करणारी द्रव्ये हृदयाच्या स्नायूंत झिरपतात. शरीर स्वतःचे अ‍ॅड्रेनलिन ओतत असते. त्यात रक्तदाब टिकवण्यासाठी डॉक्टरांना नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू करावे लागते. आधी शरीरातील पाणी आटलेले असते, नंतर सलाइनने ते झपाट्याने भरले जाते आणि अलिंदांच्या पातळ भिंती ताणल्या जातात. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घसरते, रक्त आम्लधर्मी होते, प्राणवायू कमी पडतो. मग एके क्षणी अलिंदांतील शिस्त मोडते. शेकडो ठिकाणांहून विजेच्या लहरी उठतात आणि अलिंदे आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. नाडी मिनिटाला १४० ते १६० होते आणि तिच्यात कसलीही लय उरत नाही. निलये पुरती भरण्याआधीच आकुंचन पावतात. आधीच घसरलेला रक्तदाब आणखी घसरतो. शिवाय थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचून गुठळी बनू शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो.

हा सर्वांत नेहमीचा प्रकार. पण एकमेव नव्हे. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या प्रलयानंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण ज्या डॉक्टरांनी हाताळले, त्यांना कावीळ आणि मूत्रपिंडांबरोबर हृदयाच्या तालावरही लक्ष ठेवावे लागले, कारण या आजारात तो बिघडणे नेहमीचे आहे. घटसर्पाचे विष हृदयातील विजेच्या वाटाच तोडते आणि ठोके धोकादायकरीत्या मंदावतात. विषमज्वरात ताप चढतो त्या मानाने नाडी चढत नाही. डेंगी उतरत असताना ती पुष्कळदा नेहमीपेक्षा संथ होते. अ‍ॅड्रेनलिनच्या लाटेने हृदय कसे कोलमडते, याचा धडा महाराष्ट्राला एका वेगळ्याच कारणाने मिळाला आहे: रायगड जिल्ह्यातील महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून दाखवले आणि कोकणातील असंख्य जीव वाचवले. तिथे विष वेगळे, पण हृदयावर कोसळणारी लाट त्याच जातीची. डॉ. बावस्करांनी जे साधले ते रुग्णाच्या खाटेशेजारी रात्रभर बसून, दर थोड्या वेळाने नाडी आणि रक्तदाब टिपून साधले. पुढील विवेचनात हा तपशील महत्त्वाचा आहे.

ताप आणि बिघडलेली नाडी यांचे नाते जुन्या वैद्यांनाही अज्ञात नव्हते. काशी ही परंपरेने धन्वंतरी दिवोदासाची आणि त्याचा शिष्य सुश्रुत याची नगरी. परंतु नाडीपरीक्षेचे पद्धतशीर वर्णन सुश्रुतात सापडत नाही. ते येते पुष्कळ नंतर, शार्ङ्गधर संहितेत. वाताची नाडी जळू किंवा सापासारखी, पित्ताची बेडकासारखी उडी मारणारी, कफाची हंसासारखी संथ अशा उपमा तिथे आहेत. सन्निपातात, म्हणजे तिन्ही दोष एकदम कोपले असता, ती लावा आणि तित्तिर पक्ष्यांच्या चालीने जाते. थोडी धावते, थबकते, पुन्हा धावते. आणि जी नाडी थांबून थांबून चालते ती प्राण घेणारी, असा निर्वाळा ग्रंथकार देतो. सन्निपात म्हणजेच आजचा सेप्सिस असे समीकरण मांडण्याचा मोह मी टाळतो. अशा समीकरणांनी इतिहासाचेही भले होत नाही आणि वैद्यकाचेही. पण तीव्र तापातील रुग्णाच्या मनगटावर बोटे ठेवून बसलेल्या कोणा निरीक्षकाने तालातील अनियमितता आणि मृत्यू यांचा संबंध टिपून ठेवला होता, एवढे निश्चित.

आधुनिक निरीक्षकांनी तो संबंध मोजला. बोस्टनचे अ‍ॅलन वॉकी आणि त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्निया राज्यातील २००७ या वर्षातील रुग्णालयीन नोंदी तपासल्या. तीव्र सेप्सिसचे ४९,०८२ रुग्ण त्यात होते. त्यांपैकी ५.९ टक्के रुग्णांत एट्रियल फिब्रिलेशन नव्याने उद्भवले. अशा रुग्णांपैकी २.६ टक्क्यांना रुग्णालयातच पक्षाघात झाला. इतरांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. मृत्यूचे प्रमाण ५६ टक्के विरुद्ध ३९ टक्के. हे संशोधन २०११ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यातील एक बारकावा मात्र नेहमी निसटतो. रुग्णांचे वय, जुने आजार आणि निकामी झालेले अवयव यांचा हिशेब धरल्यावर मृत्यूच्या धोक्यातील फरक बराच आक्रसला, जेमतेम ७ टक्क्यांवर आला; पक्षाघाताचा धोका मात्र तसाच, अडीचपटीहून अधिक राहिला. याचा अर्थ असा की बिघडलेला ताल हा बव्हंशी निरोप असतो. संसर्ग आटोक्यात नाही, पाणी कमी-जास्त झाले आहे, पोटॅशियम उतरले आहे, कुठेतरी पू राहिला आहे, असे तो सांगत असतो. मेंदूपुरता मात्र तो स्वतःच धोका आहे.

निरोप आणणाऱ्यालाच गप्प करण्याचेही प्रयोग झाले. रोममधील एका रुग्णालयात सेप्टिक शॉकच्या १५४ रुग्णांपैकी निम्म्यांना एस्मोलॉल हे ठोके मंदावणारे औषध दिले गेले. २०१३ साली निष्कर्ष आले तेव्हा जगभर खळबळ उडाली, कारण औषध घेतलेल्यांत २८ दिवसांतील मृत्यू ४९ टक्के आणि न घेतलेल्यांत तब्बल ८० टक्के होते. मग ब्रिटनमध्ये त्याच वर्गातील लँडिओलॉलची चाचणी अनेक रुग्णालयांत सुरू झाली. अपायाची चिन्हे दिसू लागल्याने ती १२६ रुग्णांवरच थांबवावी लागली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अवयवांना कोणताही लाभ दिसला नाही. वेगाने धावणारे हृदय काही रुग्णांत शरीराचा शेवटचा आधार असते, तो आधार काढून घेणे परवडत नाही. कोणत्या रुग्णाला मंदावावे आणि कोणाला नाही, हे अजून शास्त्राला पुरते उलगडलेले नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबतही तेच. सेप्सिसमध्ये रक्तस्रावाची भीती मोठी असते, त्यामुळे गुठळीच्या भयाने ते सरसकट देता येत नाही.

काही वेळा बिघाड आपणच घडवतो, हेही नमूद करायला हवे. २०२० च्या उन्हाळ्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिन ही जोडी घराघरांत पोचली. दोन्ही औषधे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज होण्यास लागणारा काळ लांबवतात. तो फार लांबला तर निलयांत प्राणघातक बेताल सुरू होऊ शकतो. एकट्या अझिथ्रोमायसिनबाबतचा इशारा २०१२ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. तरीही आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात चॉकलेटच्या सहजतेने मिळते. प्रतिजैविकांच्या गैरवापराची चर्चा आपण जंतूंच्या अंगाने करतो, ती हृदयाच्या अंगानेही व्हायला हवी.

या सगळ्यातून प्रशासनाने घ्यायचा बोध अगदी साधा आहे. इथे चमत्कारी औषध नाही, म्हणून खरेदी करून प्रश्न सुटत नाही. कोणीतरी पाहत राहावे लागते. ताल बिघडताच काही मिनिटांत कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते, तासाभरात पोटॅशियम-मॅग्नेशियमचा अहवाल हाती यावा लागतो, आणि संसर्गाच्या उगमाचा पुन्हा शोध घेणारा जाणता डॉक्टर रात्री दोन वाजताही असावा लागतो.

माझे एक निवृत्त सहकारी वाराणसीत स्थायिक आहेत. सत्तरी ओलांडलेले, मधुमेही. काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मूत्रमार्गाच्या संसर्गाने त्यांना तेथील एका खासगी रुग्णालयात ठेवले होते. तिसऱ्या रात्री त्यांची नाडी दीडशेच्या वर गेली आणि लय सुटली. दहा खाटांमागे दोन परिचारिका होत्या. त्यांतली एक दुसऱ्या रुग्णाच्या गडबडीत, दुसरी औषधे भरण्यात. मॉनिटरचा इशारा वाजतच होता, पण त्या खोलीत कोणते ना कोणते यंत्र सतत वाजत असते आणि कान त्याला सरावतात. पहाटे डॉक्टर फेरीला आले तेव्हा पडद्यावरची वेडीवाकडी रेघ त्यांच्या नजरेस पडली. रक्त बाहेरच्या प्रयोगशाळेत गेले, अहवाल दुपारी आला, पोटॅशियम बरेच खाली होते. ते भरून काढले, अमिओडारोन दिले, संध्याकाळपर्यंत ताल मूळपदावर आला. अकराव्या दिवशी ते घरी परतले. घरच्यांनी पेढे वाटले.

सुटीच्या कार्डावर सर्व प्रतिजैविकांची नावे होती, साखरेचे आकडे होते, बिलाचा तपशील होता. त्या रात्रीच्या बिघाडाचा एक शब्द नव्हता. नऊ महिन्यांनी एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून चहाचा पेला निसटला आणि वाचा गेली. ईसीजीत पुन्हा तीच थरथर. ‘याआधी कधी झाले होते?’ असे मेंदूविकारतज्ज्ञांनी विचारले, तेव्हा त्यांच्या पत्नीने नाही म्हणून सांगितले. कागदावर तसे काही नव्हते आणि तोंडीही कोणी त्यांना सांगितले नव्हते. मुलाने त्या रात्री मॉनिटरचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र पुढे सापडले, म्हणून मला हा क्रम सांगता येतो. त्यांचा पक्षाघात त्या रात्रीचाच परिणाम होता असे सिद्ध करता येणार नाही. पण वॉकी यांच्याच पुढच्या अभ्यासात असे दिसले की सेप्सिसच्या वेळी पहिल्यांदा एट्रियल फिब्रिलेशन झालेल्या आणि वाचलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत पुढील पाच वर्षांत ते पुन्हा आढळले. ‘आजारात झाले होते, आता गेले’ असे म्हणून ते विसरून चालत नाही. एका ओळीची नोंद असती तर पुढल्या भेटीत कोणीतरी ईसीजी काढला असता आणि रक्त पातळ करणारे औषध सुरू करावे का, असा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता. आता ते काठी घेऊन गच्चीपर्यंत जातात. शब्द शोधावे लागतात. या माणसाने तीस वर्षे टिप्पण्या लिहिल्या होत्या.

वाराणसीत गंभीर रुग्णांचा मोठा भार काशी हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयावर असतो. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंचे हे नाव. १९६० साली इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि १९७१ मध्ये त्याचे इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये रूपांतर झाले. आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद एकाच छत्राखाली नांदतात हे तिचे वैशिष्ट्य. पूर्व उत्तर प्रदेश, पश्चिम बिहार, झारखंड आणि मध्य प्रदेशाचा लगतचा पट्टा इथे लोटतो. पावसाळ्यानंतर स्क्रब टायफस, डेंगी आणि मेंदूज्वराचे रुग्ण येतात. बरेचसे जिल्हा रुग्णालय, मग एखादे खासगी रुग्णालय असे थांबे घेत, अवयव थकल्यावर. सेप्सिसच्या उपचारात पहिल्या तासांचे मोल सर्वांत जास्त, आणि तेच तास रुग्णवाहिकेत संपतात.

खाटांवरून इथे झालेला संघर्ष सर्वश्रुत आहे. मे २०२४ मध्ये हृदयरोग विभागाचे तत्कालीन प्रमुख प्रा. ओम शंकर यांनी हृदयरुग्णांसाठी अधिक खाटा मिळाव्यात म्हणून उपोषण केले आणि ते जवळपास तीन आठवडे चालले. एखाद्या विभागप्रमुखाला स्वतःच्याच रुग्णालयात उपाशी बसावेसे वाटावे, ही घटना प्रशासक म्हणून मला अस्वस्थ करते; त्यातील आरोप-प्रत्यारोपांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र आपण ज्या रुग्णाविषयी बोलत आहोत तो या वादात कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही. तो हृदयरोग विभागाचा नाही, कारण त्याचा मूळ आजार संसर्ग आहे. औषधवैद्यक विभागाच्या सामान्य कक्षात त्याच्या तालावर नजर ठेवणारे यंत्र नाही. अतिदक्षतेत जागा मिळेलच असे नाही. खाटांची गणती विभागवार होते आणि आजार विभाग पाहून येत नाही.

२५ ऑक्टोबर २०२१ रोजी पंतप्रधान आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानाचा प्रारंभ झाला तो वाराणसीतच. सुमारे ६४ हजार कोटी रुपयांची ही योजना. पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या ६०२ जिल्ह्यांत क्रिटिकल केअर ब्लॉक आणि सर्व जिल्ह्यांत एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा, ही तिची दोन महत्त्वाची अंगे आहेत. दिशा योग्य आहे. सेप्सिसचा रुग्ण गाझीपूर, चंदौली किंवा मिर्झापूरमध्येच सावरला तर काशीच्या वाटेवर त्याचे तास वाया जाणार नाहीत. हीच गोष्ट गडचिरोली आणि नंदुरबारलाही लागू आहे.

पण अशा योजनांचा आढावा कसा घेतला जातो, हे मी आतून पाहिले आहे. इमारत किती टक्के, निधी खर्च किती टक्के, यंत्रे पोचली का. २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून २,००० कोटी रुपयांचे ५०,००० व्हेंटिलेटर मंजूर झाले, तेव्हा ठिकठिकाणी यंत्रे आली आणि ती चालवणारे हात आले नाहीत. कृत्रिम श्वासावरील प्रत्येक रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका, हा जगभरचा मान्य निकष आहे. दहा खाटांसाठी तीन पाळ्या, रजा आणि साप्ताहिक सुट्या धरल्या तर चाळीसहून अधिक प्रशिक्षित परिचारिका लागतात. हा आकडा आढाव्याच्या तक्त्यात मला कधी दिसला नाही. वित्त विभागाला इमारत आवडते, कारण ती एकदाच बांधायची असते. पद दरमहा पगार मागते. म्हणून पदे कंत्राटी होतात, कंत्राटे अकरा महिन्यांची होतात, आणि ज्या परिचारिकेला पडद्यावरची रेघ ओळखता येऊ लागलेली असते ती बाराव्या महिन्यात दुसऱ्या शहरात निघून जाते.

प्रयोगशाळेचेही तसेच. पोटॅशियमची तपासणी ही काही दुर्मीळ चाचणी नव्हे. यंत्र जिल्ह्यात असतेच. प्रश्न तंत्रज्ञ रात्री असतो का, हा आहे. क्रिटिकल केअर ब्लॉकच्या प्रत्येक आढाव्यात तीन प्रश्न सक्तीचे करावेत, असे मी सुचवेन. रात्री दोन वाजता किती परिचारिका हजर होत्या? मध्यरात्रीनंतर पाठवलेल्या रक्ताचा अहवाल किती मिनिटांत आला? किती रुग्णांच्या सुटीच्या कार्डावर अतिदक्षतेतील तालबिघाडाची आणि पुढील ईसीजीच्या तारखेची नोंद आहे? यांची उत्तरे गोळा करायला नवी योजना लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीतील दहा मिनिटे पुरतात.

पाठपुरावा तर सर्वांत स्वस्त. ईसीजीचे यंत्र आज प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचू लागले आहे. सेप्सिसमधून वाचलेल्या रुग्णाला एक, तीन आणि सहा महिन्यांनी बोलावून नाडी पाहणे आणि एक पट्टी काढणे, एवढेच करायचे आहे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांची यादी आशा कार्यकर्तीकडे असते. त्यात अतिदक्षतेतून परतलेल्यांचा एक रकाना वाढवता येईल. तिच्या मानधनात त्याची भर घालावी लागेल, हे ओघाने आलेच.

२०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाली. आता प्रत्येक वैद्यकीय संस्थेने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला देणे आणि त्याची प्रत जवळच्या नातलगाला विनामूल्य देणे बंधनकारक आहे. पूर्वी हा कागद सरकारी कपाटात जाई. आता तो घरात येतो. नमुन्यात (अ), (ब), (क) अशा ओळी असतात: तात्कालिक कारण, त्याच्या आधीचे, आणि सगळ्याच्या मुळाशी असलेले. सेप्सिसच्या रुग्णाच्या बाबतीत शेवटच्या ओळीत ‘मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग’ किंवा ‘न्यूमोनिया’ लिहिले गेले पाहिजे आणि ते लिहायला वैद्यकीय महाविद्यालयांत आंतरवासिता करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला अर्धा दिवस शिकवावे लागेल. कारण रात्रपाळीत तो कागद बहुतेक वेळा त्याच्याच हाती येतो, आणि शेजारच्या खाटेवरचा मॉनिटर तेव्हाही वाजत असतो.